‘रु’वरून गाणं सांगा: निशिकासाईतल्या कराओकेत एक दुपार

आई मिरजेहून तीन महिन्यांसाठी तोक्योत, निशिकासाईला माझ्याकडे आली होती. तोक्योतली देवळं, बागा, टॉवर हे सगळं पहिल्या दहा दिवसांत उरकलं आणि मग ती खिडकीत बसून तोझाई लाईनच्या गाड्या मोजायला लागली. शेजारच्या ओबासान, म्हणजे आपल्याकडच्या काकू-आजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या दर मंगळवारी दुपारी स्टेशनजवळच्या कराओकेत एकट्या जाऊन गातात. एका मंगळवारी लिफ्टमध्ये भेटल्या आणि आईकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हिलाही घेऊन चला.” हे परीक्षण त्या जागेचं आहे. नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

आधी पैशाचं. मंगळवारी दुपारी अडीच तास, तिघी जणी, प्रत्येकीला एक पेय घेणं सक्तीचं, एक बशी फ्राइज आणि एक बशी एदामामे, म्हणजे मीठ लावून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. सगळं मिळून तीन हजार येनच्या आत बसलं, त्यात ओबासानच्या ज्येष्ठ नागरिक कार्डाची सूट. शनिवारी रात्री याच खोलीला याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात, ते मी ऑफिसच्या मंडळींबरोबर मोजलेले आहेत. शाकाहारी माणसाला फ्राइज आणि शेंगा यापलीकडे फारसं काही नाही. मेलन सोडा मात्र आईने खस सरबत समजून दोन ग्लास प्यायला.

खोली आपल्या देवघराहून थोडी मोठी. काळा सोफा, दोन माइक, भिंतीवर फोन आणि टेबलावर टोपलीत दोन खंजिऱ्या. पलीकडच्या खोलीतला ढोल भिंतीतून येतो, गाणं ऐकू येत नाही, नुसता धपधप. माइकचा एको इतका वाढवून ठेवलेला की आई “हॅलो” म्हणाली तर आंघोळीला बसल्यासारखी वाटली. तो कमी करता येतो, पण ते बटण शोधायला मला वीस मिनिटं लागली.

आता मुख्य गोष्ट, गाणं शोधायची पाटी. पूर्वी इथे टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाडजूड गाण्यांची पुस्तकं असत, आता टचस्क्रीनची पाटी हातात देतात. गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, दुसरं दाबायचं, की यादी गळत गळत खाली येते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होती. तिने पाटी डोळ्यांजवळ धरली आणि मला म्हणाली, “मला एकेक वाचून दाखव.” मी उजवीकडून सुरुवात केली. अ इ उ ए ओ. क कि कु के को. तिसऱ्या ओळीला ती थांबवून म्हणाली, “अगं, ही तर बाराखडी!”

बाराखडीच आहे. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम जपानीत बसला: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. आईने बोट ठेवून विचारलं, “च कुठाय? आणि न नंतर ह कसा, प पाहिजे.” माझ्या जपानीच्या बाईंनी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. हल्लीचा ‘स’ जुन्या काळी च-त्सच्या जवळचा होता आणि हल्लीचा ‘ह’ मुळात ‘प’ होता, म्हणून दोघं आपापल्या जुन्याच घरात राहिले. अजूनही ह, ब आणि प एकाच खोलीत राहतात, ह ला दोन टिंबं दिली की ब, बारीक गोल दिला की प. आईने हे ऐकून पाटी ओबासानसमोर धरली आणि वर्गात म्हणायची तशी ठेक्यात “का की कू के को” म्हणून दाखवली. ओबासाननी टाळ्या वाजवल्या.

मग भेंड्या सुचणं ओघानेच आलं. जपानी मुलं शिरितोरी खेळतात, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, आणि ‘न्’ने संपणारा शब्द बोलला की बाद, कारण ‘न्’ने त्यांचा शब्द सुरू होत नाही. आम्ही तेच गाण्यांच्या नावांवर लावलं. आईला मराठीची सूट.

पहिला डाव माझ्यामुळे एका मिनिटात संपला. ओबासाननी ‘कास्साई’ लावलं, चिआकी नाओमीचं 1972 मधलं, अर्थ टाळ्यांचा कडकडाट. मला इ आली आणि मी मोठ्या हुशारीने ‘इहोजिन’ म्हटलं, कुबोता साकीचं 1979 चं गाणं. शेवटी न्. बाद. इहोजिन म्हणजे परदेशी माणूस, हे ओबासाननी मला खास समजावून सांगितलं. नंतर माझं काम फक्त पाटी चालवायचं.

दुसऱ्या डावात ओबासाननी ‘नागाई योरु’ निवडलं, मात्सुयामा चिहारूचं, 1981. लांबलचक रात्र. त्यांनी ते अख्खं गायलं, उभं राहून, आणि आईला ‘रु’ देऊन सोफ्यावर मागे रेलून बसल्या. हा रडीचा डाव आहे हे मला माहीत होतं. त्याला इथे नावसुद्धा आहे, रु-झेमे, रु चा मारा. अस्सल जुन्या जपानी शब्दाची सुरुवात र ने होतच नाही, जे आहेत ते चिनीतून आलेले नाहीतर पाश्चात्त्यांकडून. पाटीवर र ची ओळ उघडून बघा, सगळी पाहुणे मंडळी: 1975 चं अराई युमीचं ‘रूजु नो देन्गोन’ (ओठांच्या लालीने लिहिलेला निरोप), 1981 चं तेराओ अकिराचं ‘रुबी नो युबिवा’ (माणकाची अंगठी), 1988 चं ‘रान्ना’ म्हणजे रनर, 2018 चं ‘रेमोन’ म्हणजे लेमन. युद्ध संपल्या संपल्या सगळ्या देशाने गायलेल्या ‘रिंगो नो उता’मधलं सफरचंद, रिंगो, तेही नाव चिनीतूनच आलेलं. क किंवा अ उघडलं तर बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं.

इथे तक्रार नंबर एक. आमच्या पाटीवर नेमका ‘रु’ दबतच नव्हता. रा दबतो, रि दबतो, रु वर बोट घासून काच पांढुरकी पडलेली. ओबासान निर्विकार चेहऱ्याने म्हणाल्या, इथे येणाऱ्या सगळ्यांनाच तो लागतो.

आईला पाटीची गरज नव्हती. तिने खंजिरी घेतली, माइक बाजूला ठेवला आणि ‘रुणुझुणु रुणुझुणु रे भ्रमरा’ सुरू केलं. जपान्यांना छळणारा रु ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलेला. यंत्रात मराठी नाहीच, त्यामुळे पडद्यावर कुठल्याशा बिअरची जाहिरात चालू होती आणि आई डोळे मिटून ‘अवगुणु रे भ्रमरा’वर मुरकी घेत होती. “कोबुशी!” ओबासान म्हणाल्या. मुरकीला त्यांचा शब्द. इथली यंत्रं गाण्याला गुण देताना कोबुशी किती घेतल्या तेही मोजतात, पण गाणं यंत्रातलं असेल तरच.

‘रा’वर ओबासाननी ओउयांग फेइफेइचं ‘रावु इझु ओवा’ काढलं, म्हणजे लव्ह इज ओव्हर, आणि शेवटचं अक्षर व की अ यावर वाद झाला. शेवटी ओढून म्हटलेला स्वर असला की काय करायचं यावर जपानी घराघरांत एकमत नाही. अ ठरला. आई लगेच: ‘अवघाचि संसार सुखाचा करीन’.

“न्! बाद!” ओबासान आनंदाने ओरडल्या.

“कशी काय बाद? ध्रुपद पुरतं होऊ दे की. आनंदे भरीन तिन्ही लोक. क आला, क!” आई एकतीस वर्षांच्या आवाजात म्हणाली. मी भाषांतर केलं. ओबासाननी क्षणभर विचार करून विचारलं, नुसता क म्हणजे कुठला? का, कि, कु, के की को? त्यांच्याकडे पाय मोडलेला क नसतोच. आई म्हणाली, “घे तुला हवा तो.”

त्यांनी सांगितलेलं गाणं यामागुची मोमोएचं होतं, 1977 चं. नाव लिहितात ती चित्राक्षरं ‘शरद’ आणि ‘चेरी’, म्हणून मी शहाण्यासारखी ‘अ’ खाली ‘आकिझाकुरा’ शोधत बसले. मिळेना. ओबासाननी पाटी घेतली आणि ‘को’ दाबलं. लिहायचं शरद-चेरी आणि वाचायचं कोसुमोसु, कॉसमॉस, ते फूल. पाटीला लिहिलेलं कळत नाही, म्हटलेलं कळतं. लग्नाच्या आदल्या दिवशीची मुलगी आणि तिची आई यांचं गाणं आहे. मी अर्थ सांगितला नव्हता. ओबासाननी दुसऱ्या कडव्यात माइक खाली घेतला, तेव्हा आईने खंजिरी टेबलावर न वाजवता ठेवली.

गाणं संपायच्या आत भिंतीवरचा फोन खणखणला. दहा मिनिटं राहिली. तक्रार नंबर दोन हीच. गाणं चालू आहे की नाही हे न बघता फोन करतात, आणि उचलेपर्यंत वाजतो. ओबासाननी उचलला आणि आम्हाला न विचारता अर्धा तास वाढवला.

त्यानंतर आम्ही आणखी चार मंगळवार गेलो. आईने तेवढ्यात र ची ओळ वाचायला शिकून घेतली, बाकीच्या ओळी तिला नको होत्या. जाणार असाल तर आठवड्यातली दुपार गाठा, तिसऱ्या मजल्यावरची खोली मागा, तिथला ढोल जरा लांब असतो. आणि पाटी हातात आली की सगळ्यात आधी ‘रु’ दाबून बघा. दबला नाही तर तेव्हाच काउंटरला फोन करून दुसरी मागून घ्या, डाव सुरू झाल्यावर ओबासान बदलू देत नाहीत.