सोलापुरात बनवून घेतलेली बँडपास सबवूफर पेटी : एका कार-ऑडिओ कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

सोलापुरात सात रस्त्यापासून विजापूर रस्त्यापर्यंत गाडीच्या सजावटीची दुकाने पुष्कळ आहेत आणि सबवूफरची (फक्त खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) तयार पेटी त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मिळते. मात्र हातातल्या सबवूफरचे गुणधर्म मोजून, त्याच्यासाठीच पेटीचे आकारमान ठरवून आणि गाडीत बसवल्यावर तिचे ट्यूनिंग करून देणारे दुकान शोधावे लागते. होटगी रस्त्याच्या बाजूला अशी एक छोटी कार्यशाळा आहे. तिथून मी माझ्या सेडानसाठी बारा इंची सबवूफरची चौथ्या श्रेणीची बँडपास (ठरावीक पट्ट्यातलेच सूर बाहेर सोडणारी) पेटी करून घेतली. हे परीक्षण त्या पेटीचे आणि ती करणाऱ्यांच्या पद्धतीचे आहे.

चौथ्या श्रेणीच्या बँडपास पेटीत सबवूफर दोन कप्प्यांच्या मधल्या फळीवर बसतो. त्याच्या मागचा कप्पा पूर्ण बंद असतो, पुढच्या कप्प्याला पोर्टची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठीची, नळी असते आणि सगळा आवाज त्या नळीतूनच बाहेर येतो. सेडानमध्ये याचा थेट फायदा होतो, कारण डिकी आणि प्रवाशांची जागा यांच्यामध्ये पत्रा आणि सीटची पाठ असते. साध्या बंद पेटीचा बराच बेस डिकीतच अडकतो आणि नंबरप्लेट वाजवत बसतो. बँडपास पेटीचे तोंड मात्र मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेमधल्या स्पीकरच्या तयार भोकाला रबरी गॅस्केट लावून जोडता येते. हॅचबॅकमध्ये हा अडथळाच नसल्यामुळे तिथे एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. कार्यशाळेच्या मालकांनी हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितले, आणि ज्या गिऱ्हाइकाकडे हॅचबॅक होती त्याला माझ्यासमोरच साधी बंद पेटी सुचवली.

कामाची सुरुवात फळ्या कापण्यापासून झाली नाही. ‘साहेब, आधी स्पीकर मोजू, मग प्लाय कापू,’ असे म्हणून त्यांनी सबवूफर काही काळ मोकळा वाजवून घेतला, तारेत एक रेझिस्टर जोडून लॅपटॉपवर इंपिडन्सची (कोणत्या सुराला स्पीकर विजेला किती विरोध करतो याची) रेषा काढली, नंतर कोनावर (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूवर) ठरावीक वजन चिकटवून तीच रेषा पुन्हा काढली. नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलेल्या आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात विस्तारलेल्या गणिताचा पाया हेच आकडे आहेत. माझ्या सबवूफरचा अनुनाद (तो मोकळा असताना सहज थरथरतो ती वारंवारता) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (त्या थरथरीला किती आवर बसतो याचा आकडा) ०.४० आणि व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचीक असलेली हवा किती, तो आकडा) ६० लिटर भरला. माहितीपत्रकातला अनुनाद २८ हर्ट्झ होता. हा फरक लहान दिसतो, परंतु बँडपास रचनेत दोन्ही कप्प्यांचे आकारमान आणि नळीची लांबी याच आकड्यांवरून निघत असल्याने छापील आकड्यावर विसंबून राहणे बरे नव्हे.

या आकड्यांवरून त्यांनी मागचा कप्पा सुमारे साडेसत्तावीस लिटरचा आणि पुढचा सुमारे एकोणीस लिटरचा ठरवला. पुढच्याचे ट्यूनिंग, म्हणजे कप्पा आणि नळी यांतली हवा मिळून ज्या वारंवारतेला घुमते ती, ५३ ते ५४ हर्ट्झ. बंद कप्प्यात बसल्यावर सबवूफरचा अनुनाद ३० वरून जिथे सरकतो, त्याच ठिकाणी पोर्टचे ट्यूनिंग आणले की वरची आणि खालची उतरण सारखी येते. हिशोबाप्रमाणे या पेटीचा पट्टा ३३ ते ८७ हर्ट्झचा आहे आणि दोन्ही बाजूंना आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पुढचा कप्पा याहून मोठा आणि मागचा लहान केला असता तर मधल्या भागात आवाज आणखी चढला असता, पण पट्टा सपाट राहिला नसता. मालकांच्या सांगण्यानुसार बरीच तरुण मंडळी तसलीच पेटी मागतात. मिरवणुकीच्या डीजेची सवय झालेल्या कानांना ती आवडत असेल, पण अशा पेटीत ढोलकी, पखवाज आणि बेस गिटार या सगळ्यांचा एकच ‘धुम’ होतो, असे माझे मत आहे.

नळीसाठी नळकामातलाच ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप वापरला आहे, ज्याचा आतला व्यास सुमारे दहा सेंटिमीटर भरतो. साडेसात सेंटिमीटरची नळी घेतली असती तर तिची लांबी जवळपास निम्मी, म्हणजे एकोणीस सेंटिमीटर, पुरली असती आणि पेटीही लहान झाली असती. परंतु तिचे क्षेत्रफळ मोठ्या नळीच्या जेमतेम छप्पन टक्के भरते, त्यामुळे मोठ्या आवाजाला हवेचा वेग वाढून तोंडाशी फसफस ऐकू येते. दहा सेंटिमीटरच्या नळीची लांबी हिशोबाने छत्तीस सेंटिमीटर येत होती. ती मुद्दाम चाळीस ठेवून पेटी प्रथम जोडली गेली, कारण नळी कापता येते, वाढवता येत नाही. नळीने आतून व्यापलेले सुमारे तीन लिटर आणि सबवूफरच्या चुंबकाची जागा हे दोन्ही आकडे कप्प्यांमध्ये वेगळे मिळवले होते, जे तयार पेट्यांत हमखास विसरले जाते.

या कार्यशाळेचे खरे कसब ट्यूनिंगच्या वेळी दिसले. पेटी डिकीत बसवून, नळीचे तोंड पार्सल ट्रेला लावून, त्यांनी इंपिडन्सची रेषा पुन्हा काढली. अशा पेटीत या रेषेला दोन शिखरे येतात आणि त्यांच्यामधली दरी जिथे असते तिथे पोर्टचे ट्यूनिंग असते. ती दरी ५० हर्ट्झजवळ आली. चाळीस सेंटिमीटरच्या हिशोबापेक्षाही ही खाली होती, कारण नळीचे आतले टोक कप्प्याच्या भिंतीजवळ आल्याने ती जणू अधिक लांब असल्यासारखी वागते. मग थोडी थोडी नळी कापत साडेतेहतीस सेंटिमीटरवर दरी ठरलेल्या जागी आली आणि दोन्ही शिखरे जवळपास सारख्या उंचीची झाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात डिकी तापल्यावर हे बिघडणार नाही का, असे मी विचारले. तसे होत नाही. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर ध्वनीचा वेग साधारण सव्वातीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ट्यूनिंग दोन हर्ट्झही सरकत नाही. उन्हाची खरी काळजी ॲम्प्लिफायरला करावी लागते, म्हणून तो पेटीला न चिकटवता मागे हवा खेळेल असा बसवून दिला आहे.

ॲम्प्लिफायरचा लो-पास फिल्टर (ठरवलेल्या सुराच्या वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झवर ठेवणे इथे गरजेचे आहे, कारण एवढ्या लांबीच्या नळीचा स्वतःचा सूर चारशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि फिल्टर नसेल तर पुरुषी आवाजातले निवेदन डिकीतूनही आल्यासारखे वाटते. सबवूफरच्या तारा उलटसुलट जोडून, चालकाच्या सीटवर बसून, दाराच्या स्पीकरांशी मेळ कोणत्या जोडणीत बसतो हेही त्यांनी पडताळले. आता संबळाचा ठोका जिथे पडायला हवा तिथे पडतो आणि वेळेवर थांबतो. पुणे महामार्गावर टायरांच्या घरघरीतूनही पखवाजाचा डावा हात वेगळा कळतो. बंद पेटीइतका आवाज नेमका आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि तसा दावा दुकानानेही केला नाही.

सुतारकाम चांगले आहे. १८ मिलिमीटरचा प्लाय, मधल्या फळीला आडवी पट्टी, आतून सांधे बंद केलेले, आणि मागच्या कप्प्याला स्क्रू काढून उघडता येईल असे झाकण. आत भरायला उशीतले पॉलिएस्टर फायबर वापरले आहे. यंत्रमागाचा कापूस इथे स्वस्त मिळतो, परंतु हादऱ्यांनी तो तळाशी बसतो म्हणून ते वापरत नाहीत. मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीलगतच आहे.

तक्रारी दोन आहेत. काम सांगितलेल्या मुदतीत झाले नाही आणि मोजमापांचा कागद पुन्हा पुन्हा मागितल्यावरच हाती आला. दुसरी अधिक महत्त्वाची. बँडपास पेटी सबवूफरची विकृती (ताण पडल्यावर आवाजात येणारी खरखर) बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे तो ताणला जात असल्याचे कानाला कळत नाही आणि कॉइल जळल्यावरच समजते. अशा पेटीसोबत ॲम्प्लिफायरचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) कुठवर न्यायचा हे लेखी द्यायला हवे होते. त्यांनी ते तोंडी सांगितले आणि मी नॉबवर खूण करून घेतली. कोन दिसावा म्हणून ॲक्रिलिकची खिडकी मागितली तर वेगळे पैसे पडतात.

पेटी, नळी, कापड, पार्सल ट्रेचे काम आणि ट्यूनिंग मिळून साडेनऊ हजार रुपये झाले, ज्यात सबवूफर आणि ॲम्प्लिफायर धरलेले नाहीत. तयार पेटीपेक्षा हे बरेच महाग आहे; सेडान असेल आणि सबवूफर चांगला असेल तर मी ते योग्य मानतो. दोन्ही कप्प्यांना पोर्ट असलेली सहाव्या श्रेणीची पेटीही ते करतात, मात्र ॲम्प्लिफायरला सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) फिल्टर नसेल तर ते काम घेत नाहीत, कारण पट्ट्याच्या खालच्या सुरांना त्या रचनेत कोनाला आवरणारी बंद हवा मागे उरत नाही.