भिगवण की नांदूर मध्यमेश्वर, गुडघेदुखीवाल्या आईबाबांना घेऊन जायचं तर?

पक्षी दोन्हीकडे भरपूर, पण सोबत म्हातारी माणसं असली की प्रश्न पक्ष्यांचा राहत नाही, तर बसायचं कुठे, बाथरूम कुठे आणि चढउतार किती याचाच होतो.

भिगवणला म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरला, कुंभारगाव किंवा डिकसळला, सगळा खेळ होडीचा. एकदा बसलात की चालणं शून्य, आणि फ्लेमिंगो चांगले जवळून दिसतात. पण ते बसणंच अवघड हो, धक्का वगैरे काही धरून चालू नका, पाणी उतरलं की काठावर चिखल आणि होडीच्या कडेवरून पाय टाकायचा, व्हीलचेअर तर विसराच. आणि गंमत म्हणजे फ्लेमिंगोंना तेच उतरलेलं, उथळ पाणी आवडतं, त्यामुळे पाऊस चांगला झाला असेल तर ते येतातही उशिरा. जेवणाची मात्र चैन, घरगुती मासे-भाकरी मिळते.

नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवाच्या संगमावर, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. इथे चापडगावला वनखात्याचं तिकीट काढायचं, गाईड घ्यायचा आणि पाण्याकडेने पायी फिरायचं. पक्षी बघायच्या मनोऱ्यांना जिने आहेत, ते आईबाबांनी सोडूनच द्यावेत, खालूनही बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात, फक्त दुर्बीण हवीच.

मला विचाराल तर आधार घेऊन थोडं चालता येत असेल तर नांदूर, कारण दमलात की तिथून परत फिरता येतं, होडीतून मध्येच कुठे उतरणार? आणि जिथे जाल तिथे घडीची खुर्ची गाडीत टाकाच.