कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, सात महिन्यांनी: चर्च बाजूला राहिलं, जिना कामाला आला

मी घरूनच श्रुतिका एडिट करतो, रीपर ह्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्यासोबत येणारा कन्व्होल्यूशन रिव्हर्बचा प्लगइन, रिआव्हर्ब, जानेवारीपासून रोज वापरतोय. साधा रिव्हर्ब गणितानं घुमणं तयार करतो, ह्यात खऱ्या जागेत फुगा फोडून किंवा टाळी वाजवून रेकॉर्ड केलेली फाइल (इम्पल्स) टाकायची, मग तुमच्या आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलमागे ती अख्खी जागा त्या-त्या जोरात घुमते आणि त्या सगळ्याची बेरीज कानावर येते.

पहिला महिना नुसती हौस. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर ह्या इम्पल्सच्या साइटवरून यॉर्क मिन्स्टर ह्या भल्यामोठ्या चर्चचं घुमणं उतरवलं, संवादाला लावलं आणि एक शब्द कळेना! संगीताला झकास, पण दोन माणसं चहा पीत भांडतायत तिथे त्याचं काय करणार. खोल्या, पॅसेज, गाडीच्या आतली जागा असले छोटे इम्पल्सच शेवटी रोज लागतात.

मग म्हटलं आपल्याच बिल्डिंगचा जिना घेऊ. रात्री अकराला फुगा फोडला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर, "काय रे, सिलेंडर फुटला की काय?" तो टेक गेला. दुसरा घेतला तर घरातला फॅन चालू राहिलेला, आणि हे लक्षात ठेवा, इम्पल्समधली खरखर प्रत्येक शब्दामागे पसरते, सगळे संवाद पावसात बोलल्यासारखे. फॅन बंद करून परत घेतला, फुग्याआधीची शांतता कापली (नाहीतर घुमणं उशिरा येतं), खरखर सुरू होते तिथे फेडआउट दिला, झालं काम.

आता सगळ्या पात्रांना एकच रिव्हर्ब ट्रॅक, ड्राय (मूळ आवाज) बंद, फक्त वेट (घुमणं), आणि लांबच्या माणसाचा सेंड (त्या ट्रॅकला पाठवलेला आवाज) जास्त, त्याचा मूळ आवाज थोडा कमी. एका खोलीत बसल्यासारखे वाटतात. खालचा बास १५० हर्ट्झच्या आसपास कापतो, नाहीतर पुरुषांचे आवाज डबक्यात पडल्यासारखे होतात.

खटकतं काय, तर जागा गोठलेली असते. पात्र जिना चढत वर आलं तरी इम्पल्स तिथंच उभा, दोन इम्पल्स घेऊन क्रॉसफेड (एक हळूहळू कमी, दुसरा जास्त) करावा लागतो आणि तो दर वेळी जमतोच असं नाही. शिवाय मूळ रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या खोलीचं घुमणं असेल तर खोलीत खोली ऐकू येते, ते कमी करणारे प्लगइन आहेत, पण पूर्ण जात नाही, गाद्या लावा. लांब इम्पल्स तीन-चार ट्रॅकवर वेगवेगळे टाकले की माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो, तेही आहे.

स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउनच्या तेलाच्या टाकीत १२५ हर्ट्झला ११२ सेकंद घुमणं मोजलंय. आमच्या गच्चीवरची टाकी धुवायला पुढच्या रविवारी रिकामी करणार आहेत, फुगे आणून ठेवलेत, काकूंना आधीच सांगून ठेवलंय.