टार्गेटजवळच्या मॅग्नेटसाठी इन्सुलेशन निवडताना: इपॉक्सी, पॉलिइमाइड की मॅग्नेशिया?

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) ५९० एमईव्हीचा, सुमारे २.२ मिलिअँपिअरचा प्रोटॉन बीम निघतो. म्हणजे जवळजवळ १.३ मेगावॅट. हा बीम ग्राफाइटच्या टार्गेटमधून गेला की त्यातून उडालेल्या न्यूट्रॉन-प्रोटॉनांचा मारा लगेच पुढच्या मॅग्नेटवर होतो. जपानमध्ये जे-पार्क या त्वरक केंद्राच्या हेड्रॉन हॉललाही, जिथे ३० जीईव्हीचा बीम येतो, हाच प्रश्न सोडवावा लागला. अशा जागी तांबे टिकते, योकचे, म्हणजे चुंबकाच्या गाभ्याचे, लोखंडही टिकते. पण दोन वेढ्यांमधला अर्ध्या मिलिमीटरचा इन्सुलेशनचा थर आधी जातो. म्हणून निवड करायची ती त्या थराची.

त्याआधी डोस, म्हणजे पदार्थात किलोमागे जिरणारी किरणोत्साराची ऊर्जा, नीट काढा; ती ‘ग्रे’मध्ये मोजतात. फ्लूका किंवा फिट्स या संगणक प्रणालींमध्ये अख्ख्या कॉइलचा सरासरी डोस काढला तर फसवणूक होते. बीमपाइपला लागून असलेला, टार्गेटकडचा कोपराच सगळ्यात आधी निकामी होतो; त्या कोपऱ्याचा आकडा घ्या. समजा तिथे तासाला ०.८ किलोग्रे डोस बसतो आणि यंत्र वर्षाला ५००० तास चालते. वर्षाचे ४ मेगाग्रे, २० वर्षांचे ८०. गणनेतली अनिश्चितता धरून दुप्पट ते तिप्पट करा. जुने तक्ते ‘रॅड’मध्ये असतात आणि १ ग्रे म्हणजे १०० रॅड, हेही प्रत्येक वेळी तपासा. ही गल्लत झाली की शंभरपटीचा फरक पडतो.

इपॉक्सी आणि काचकापड हा नेहमीचा मार्ग. स्वस्त, कुठलाही चांगला कॉइल कारखाना करून देतो, तांब्याचे प्रमाणही भरपूर मिळते. साधारण १० मेगाग्रेपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो. अरोमॅटिक (बेंझीनसारखी वलये असलेली) रेझीन आणि हार्डनर नीट निवडले तर त्याहून थोडे पुढे. बिघाड विजेचा वाटतो, पण सुरुवात यांत्रिक असते. साखळ्या तुटतात, हायड्रोजन सुटतो, रेझीन फुगते, थर सुटतात आणि मग त्या भेगेत ओल शिरून अर्थ फॉल्ट येतो. म्हणूनच टिकाऊपणाची प्रमाण चाचणी व्होल्टेजवर नसते. वाकवण्याची ताकद मूळच्या निम्म्यावर कधी येते ते पाहतात. एक गोष्ट खरेदीच्या कागदावर ठळक लिहाच: काचकापड बोरॉनरहित हवे. नेहमीच्या ई-ग्लासमध्ये बोरॉन असतो. तो न्यूट्रॉन गिळतो, अल्फा कण सोडतो आणि नेमके तंतू-रेझीनच्या सीमेवर नुकसान करतो. एस-ग्लास महाग पडते, पण इथे काटकसर करू नये.

पॉलिइमाइड आणि सायनेट एस्टर हा मधला पर्याय, साधारण ५० मेगाग्रेपर्यंतचा. पॉलिइमाइडची फिल्म स्वतः खूप सोसते. मर्यादा येते ती तिला चिकटवणाऱ्या रेझीनची. कॅप्टॉनची (पॉलिइमाइड फिल्मची) पट्टी गुंडाळली आणि आत साधी इपॉक्सी भरली, तर कॉइल इपॉक्सीचीच समजा. फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन भट्टीच्या टोरॉइडल कॉइलमध्ये ४० टक्के सायनेट एस्टर आणि ६० टक्के इपॉक्सीचे मिश्रण वापरले आहे, ते याच कारणाने. सायनेट एस्टर पक्के होताना मोठी उष्णता सोडते. तापमान पायरीपायरीने चढवले नाही तर जाड कॉइलच्या पोटात ते हाताबाहेर जाते आणि आतला भाग जळतो. आधी त्याच जाडीचा नमुना तुकडा करून, कापून पाहावा.

मॅग्नेशियाची केबल, म्हणजे एमआयसी (मिनरल इन्सुलेटेड केबल), वेगळ्याच जातीची. मध्ये पाण्यासाठी पोकळ तांबे, भोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, वर तांब्याचे आवरण. सेंद्रिय काही नाहीच, त्यामुळे डोस हजार मेगाग्रेच्या घरात गेला तरी इन्सुलेशनची चिंता नसते. किंमत मोजावी लागते ती जागेत. उदाहरणाला १३ मिमी चौरस वाहक घ्या, मध्ये ७.५ मिमीचे भोक: तांबे १२५ चौरस मिमी. रेझीनच्या कॉइलमध्ये वेढ्याची बाजू १४ मिमी होते. दीड मिमी पूड आणि एक मिमी आवरण घातले की १८. म्हणजे तेवढ्याच अँपिअर-टर्नला कॉइलचा काटछेद दीडपटीहून जास्त, योक मोठा, वेढे लांब, वीजही जास्त. वाकवण्याची त्रिज्या मोठी ठेवावी लागते आणि सलग लांबी मर्यादित मिळते. कॉइलच्या आत सांधा घालू नये, म्हणून वेढ्यांची आखणी त्या लांबीवरून करा.

सगळ्यात जास्त घात होतो तो टोकापाशी. मॅग्नेशिया हवेतली ओल ओढून घेते. आवरण सोलून पूड खरवडल्यावर टॉर्च टोकापासून थोडी मागे धरून सावकाश टोकाकडे आणावी, म्हणजे वाफ बाहेर पडते. उलट दिशेने तापवले तर ओल आत ढकलली जाते आणि आठवड्याभराने मेगरचे (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन खाली येते. थंड झाल्यावर ५०० व्होल्टवर मोजावे, कारण गरम मॅग्नेशियाचा रोध तसाही कमी दिसतो. वाचन पटले की त्याच बैठकीत सिरॅमिकचे सील बसवावे. उद्यावर ठेवू नये.

आणखी एक मर्यादा आहे. आवरणे एकमेकांना सोल्डरने जोडून कॉइल घट्ट करतात, त्यामुळे तीच शॉर्ट झालेल्या वेढ्यांसारखी वागतात. डीसी मॅग्नेटला याने काही बिघडत नाही. पण जे-पार्कच्या २५ हर्ट्झने चालणाऱ्या सिंक्रोट्रॉनसारख्या यंत्रात हा पर्याय बादच.

एमआयसी घेऊन खाली रबरी नळ्या ठेवल्या तर पैसे पाण्यात गेले. ईपीडीएमची नळी १ मेगाग्रेच्या आसपास कडक होऊन तडकते. टेफ्लॉन तर त्याच्या हजाराव्या भागातच ठिसूळ होऊ लागते. पाण्याला सिरॅमिकचे तुकडे, तापमानाला मॅग्नेशियाचेच थर्मोकपल, आणि पाणी-विजेचे सगळे जोड शील्डिंगच्या वर आणलेले, असा पूर्ण संच हवा. व्हॅक्यूमच्या जोडाला ओ-रिंग चालणार नाही. पिलो सील (फुगवता येणारे धातूचे सील) दूरवरून फुगवता-सोडता येते, म्हणून मॅग्नेट सरळ वर उचलता येतो. पण समोरच्या फ्लँजवर एक ओरखडा पुरे, गळती सुरू. धातूच्या गॅस्केटचा चेन क्लँप जास्त घट्ट बसतो, मात्र तो सोडवायला जवळ कुणीतरी किंवा लांब हत्यार लागते.

वाढवलेला डोस १० मेगाग्रेखाली असेल तर बोरॉनरहित काचेची इपॉक्सी घ्या आणि एक सुटी कॉइल करून ठेवा. १० ते ५० मध्ये पॉलिइमाइड किंवा सायनेट एस्टर. त्यावर एमआयसी. वरच्या उदाहरणात १६० ते २४० निघतात, तिथे चर्चेला जागा नाही. आकडा सीमेवर असेल तर कॉइल बदलायला माणूस जवळ जाऊ शकेल का, एवढे विचारा. वर्षभर चाललेल्या बीमनंतर योकजवळ अर्धा तासही उभे राहता येणार नसेल, तर सीमेवरचा आकडासुद्धा एमआयसीचाच धरा.