सशांची गाभण तपासणी: हात आणि सोनोग्राफी यंत्र, आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाराव्या ते चौदाव्या दिवशी हाताने पोट चाचपणं हीच रोजच्या कामाची पद्धत आहे, हे आठ महिन्यांनंतर ठामपणे सांगता येतं. सोबत घेतलेलं खिशात मावणारं सोनोग्राफी यंत्र वाया गेलं असं नाही, पण त्याचा मुक्काम बहुतेक वेळ कपाटातच.

आधी दिवस मोजण्याबद्दल, कारण चुका तिथूनच सुरू होतात. नर दाखवला तो दिवस शून्य. तारीख पिंजऱ्यावरच्या कार्डावर लगेच लिहायची. 'परवाच तर दाखवला' हा हिशोब दोन दिवसांनी हुकतो आणि इथे दोन दिवस फार होतात. गाभ साधारण ३१ दिवसांचा. दहाव्या दिवसाआधी पोटातल्या गर्भाच्या गाठी इतक्या बारीक असतात की सराईत हातही फसतो. चौदावा उलटला की त्या वाढून मऊ, लांबट होतात आणि आतड्यांपासून वेगळ्या कळत नाहीत.

तपासणी सकाळी, खाद्य घालण्याआधी. मादीला गोणपाटावर ठेवायचं. गुळगुळीत टेबलावर पाय घसरले की ती पोट आवळते आणि मग काहीच लागत नाही. तोंड आपल्याकडे. एका हाताने खांद्यावरची सैल कातडी धरायची, कान धरून उचलायचं अजिबात नाही. दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या जरा पुढे, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. आता दाबायचं नाही, सरकवायचं. बोटं हलकेच पुढे-मागे नेली की गाभण मादीत गोटीएवढ्या, गुळगुळीत, किंचित दबणाऱ्या गाठी बोटांमधून निसटत जातात. गर्भाशयाला दोन शिंगं, म्हणजे दोन फाटे असल्याने डावी-उजवी दोन्हीकडे पाहायचं. एकाच बाजूला दोन गाठी लागल्या तरी मादी गाभणच. पिल्लं मोजायच्या भानगडीत पडू नये, आकडा चुकतो आणि उगाच जास्त हात लागतो.

सगळ्यात मोठी फसगत लेंड्यांची. आतड्यातल्या लेंड्याही गोल लागतात, पण त्या वाटाण्याएवढ्या, कडक, पाठीच्या कण्याकडे आणि माळेसारख्या ओळीत असतात. गाभाच्या गाठी मोठ्या, खालच्या बाजूला आणि दाबाला दाद देणाऱ्या. दुसरी फसगत मूत्रपिंडाची: ते कण्याला लागून, बरंच वर असतं. शिकताना एक खात्रीची रिकामी मादी आणि एक चौदाव्या दिवसाची मादी लागोपाठ चाचपावी. हा फरक वाचून येत नाही. लठ्ठ मादी आणि पहिल्या वेताची घट्ट पोटाची मादी मात्र सरावानंतरही त्रास देतात.

'रिकामी' हा निकाल एकदाच हात लावून देऊ नये. बाराव्या दिवशी काही लागलं नाही तर चौदाव्याला पुन्हा. तरीही रिकामी निघाली आणि नर घेत नसेल, तर खोटा गाभ असू शकतो. सशीण नराच्या संगानंतरच अंडी सोडते; ती फळली नाहीत तरी शरीर सोळा-अठरा दिवस गाभण असल्यासारखं वागतं. केस उपटून घरटंही करते. अशा मादीला रोज नराकडे नेऊन दमवू नये, अठराव्या दिवशी न्यावी. याच कारणाने 'नर नाकारला म्हणजे गाभण' ही जुनी कसोटी बाद. उलट बाजूही तशीच: काही गाभण माद्या नर घेतात. वजनाचंही तेच, खाद्य वाढवलं तरी काटा वर जातो.

आता यंत्र. सातव्या-आठव्या दिवसापासून काळ्या गोल पिशव्या दिसू लागतात, हा खरा फायदा. पण सशाच्या दाट केसांत हवा अडकते; थोडा भाग कातरून भरपूर जेल लावल्याशिवाय पडद्यावर नुसतं धुकं. सशाचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) मोठं, त्यातल्या वायूमुळे निम्मं चित्र झाकलं जातं. भरलेलं मूत्राशयही काळंच दिसतं, पण ते एकच, मोठं आणि कंबरेच्या हाडाजवळ असतं. गाभाच्या पिशव्या बहुतेकदा एकाहून जास्त असतात. एका मादीला धरायला दुसरा माणूस हवा. लठ्ठ किंवा शंकेच्या मादीसाठी ठीक, दहा-बारा पिंजऱ्यांसाठी खर्च निघणार नाही.

एक तक्रार दोन्ही पद्धतींबद्दल: 'गाभण' लिहिलेली मादीही कधीकधी वेत देत नाही. गर्भ पोटातच विरघळतात, विशेषतः उन्हाचा ताण किंवा आजारपण असेल तर. म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी विण्यासाठी घरट्याची पेटी ठेवताना कार्डासोबत मादीकडेही पाहावं. आणि पक्की गाभण असलेली मादी तेहतिसाव्या दिवसापर्यंत व्यायली नाही तर थेट पशुवैद्य गाठावा.