फुकटातला वकील कसा असतो? भाच्याच्या केसचा अनुभव

हॉटेलांचे रिव्ह्यू मी खूप लिहिलेत, हा वकिलाचा आहे. कोर्टाकडून जो मोफत मिळतो त्याचा. कोर्ट मुंबईतलंच, कुठलं ते सांगत नाही कारण केस चालू आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. सगळे याला सरकारी वकील म्हणतात, आम्हीपण तेच म्हणत होतो, आणि त्या नादात पहिल्या दिवशी माझी ताई भलत्याच माणसासमोर हात जोडून उभी राहिली, तो निघाला पोलिसांच्या बाजूचा! सरकारी वकील म्हणजे पोराला आत ठेवा म्हणणारा. आपल्याला हवा असतो तो विधी सेवा प्राधिकरणाचा, लीगल एडचा.

तर झालं असं की भाचा मोबाईल रिपेअरिंगचं टेबल लावतो, त्याने एक सेकंडहँड फोन विकत घेतला, तो चोरीचा निघाला, आयएमईआयवरून, म्हणजे फोनच्या ओळख नंबरावरून, पोलीस टेबलापर्यंत आले आणि रात्री उचलून नेलं. कलम ३१७(२), म्हणजे चोरीचा माल घेतल्याचं. हवालदार मात्र '४११ लागलंय' म्हणत होता, म्हणजे आम्हाला वाटलं दोन-दोन कलमं लागली, ताईने तर जेवण सोडलं. नंतर कळलं एकच आहे, १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि नंबर बदलले पण लोकांची तोंडं बदलली नाहीत. ४२० चं आता ३१८(४) झालंय, खुनाचं ३०२ जाऊन १०३ झालं, आणि नवीन ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं आहे. आता कुणाला 'साला तीनशे अठरा' म्हणून बघा, काही मजा येते का.

सकाळी रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर, आणणार म्हणून आम्ही नऊपासून कोर्टाच्या गेटवर. तिथे एक काळा कोटवाला चिकटलाच, वीस हजार द्या संध्याकाळी पोरगा घरी. भावोजी एटीएमकडे निघालेसुद्धा होते. तेवढ्यात झेरॉक्सवाल्या काकांनी हळूच सांगितलं, अहो अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, पहिल्या मजल्यावर विचारा. मला वाटलं उत्पन्नाचा दाखला, तलाठी, दहा चकरा. तसलं काही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं कलम १२ आहे, त्यात कस्टडीतला माणूस, बायका, मुलं, एससी-एसटी, अपंग यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. एक फॉर्म, एक सही, झालं.

ऑफिस म्हणजे कोंदट खोली, बाहेर बोर्ड नाही, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि टोनर संपलेला प्रिंटर. खरं सांगते, मनात आलं की वीस हजारच द्यावेत. आणि मग वकील मॅडम आल्या, तिशीच्या आतल्या, हातात फाइलींचा हा गठ्ठा, बसायच्या आधीच विचारलं, 'ताई, अटकेच्या आधी नोटीस आली होती का? अटकेची कारणं लिहून दिलीत का? टेबलाची झडती घेतली तेव्हा शूटिंग केलं का?' आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय.

हे तीन प्रश्न का, ते त्यांनी जिन्यातच चालता चालता समजावलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरळ उचलायचं नसतं, आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती ते लिहून ठेवायचं. अटकेची कारणं आरोपीला त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायच्या निदान दोन तास आधी, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, तेही आपल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसमध्ये. आणि झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता त्याच संहितेच्या कलम १०५ मध्येच आहे. भाच्याला कागद दिला होता, पण त्यात काय तर 'तपासकामी अटक आवश्यक'. मॅडमने तो कागद मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर शब्दन् शब्द वाचून दाखवला. तेवढ्यावर सुटला नाही तो, पण पोलिसांनी सात दिवसांची पीसी, म्हणजे पोलीस कोठडी, मागितली होती ती दोनच दिवस मिळाली, आणि मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाल्या झाल्या त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकला.

अर्जात काय लिहिलं ते मला जास्त आवडलं. चोरीचा माल घेतला एवढ्याने गुन्हा होत नाही म्हणे, तो चोरीचा आहे हे माहीत होतं किंवा तसं वाटायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. फोन विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स भाच्याने घेतली होती ती शोधा, गुगल पेचा स्क्रीनशॉट काढा, रेशन कार्ड, वीजबिल, टेबलाच्या भाड्याची पावती. भाव बाजारभावाचाच होता हे दाखवायला त्याच दिवसाच्या सेकंडहँड फोनच्या जाहिरातीपण काढायला लावल्या! गेटवरच्या कोटवाल्याने हे केलं असतं का, मला नाही वाटत.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, दहा वेळा केल्यावर एकदा, कारण पूर्ण वेळ कोर्टात उभ्या. हे वकील पगारी असतात, खासगी केस घेता येत नाही, २०२२ ची स्कीम आहे, त्याआधी पॅनेलवरचे वकील एकेका केसला नेमायचे. चांगलं आहे पण एका माणसाकडे इतक्या फाइली की आमचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. भाच्याला जेलमध्ये भेटायला कोणी गेलं नाही, व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) पाच मिनिटं, त्यात तीन मिनिटं 'हॅलो आवाज येतोय का'. प्रिंट आम्हीच बाहेरून काढून आणायच्या. आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार, हा वकील आम्हाला कोर्टात भेटला, पोलीस स्टेशनला त्या रात्री कोणी नव्हतं. फोन करायचा नंबर आहे, १५१००, पण तो रात्री दीडला आम्हाला सांगणार कोण?

जामीन झाला पंधरा हजाराचा, जामीनदारासह. इथे पुन्हा गाडी अडली, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी जामीनदार आणायचा कुठून. मॅडमने लगेच कॅश बेलचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख भरायचा, अर्ज टाकला. म्हणाल्या जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलरने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभर अडकला तर कोर्ट अट सैल करायचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची स्कीमपण आहे, कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, जामिनासाठी पैशाची मदत. आमचं पाचव्या दिवशी झालं, पैसे उसने आणले.

बाकावर शेजारी एक मावशी होत्या, त्यांचा मुलगा वर्षाहून जास्त आत. मॅडमने फाइल न उघडताच विचारलं, पहिलाच गुन्हा का? दुसरी केस नाही ना? मग त्याच सुरक्षा संहितेचं कलम ४७९, पहिल्यांदाच अडकलेला असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाला की सोडायचं, आणि त्याचा अर्ज जेलनेच कोर्टात करायचा असतो. मावशींना हे वर्षभरात कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा वकील पैसे घेणारा होता.

माझ्या ऑफिसात एक जण म्हणाला, गुन्हेगारांचे लाड आहेत हे. त्याला सांगितलं, कसाबला फाशी कायम करताना २०१२ साली याच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पहिल्यांदा समोर आणलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क मॅजिस्ट्रेटने स्वतःहून सांगायचा. तो गप्प बसला, पटलं की नाही माहीत नाही.

रेटिंग: वकील मॅडमना पाच, ऑफिसला दोन. पेढे घेऊन गेलो तर घेतले नाहीत, म्हणाल्या चार्जशीटची कॉपी आली का ते आधी बघा. पुढच्या तारखेला टोनरच नेणार होते, पण तोही घेणार नाहीत.