इंकस्केप: फ्लेक्सला पास, ऑफसेटला काठावर

सोलापुरात नव्या डिझायनरच्या हाती पहिलं काम बहुधा फ्लेक्सचंच येतं. वाढदिवस, जयंती, जानेवारीतली गड्डा यात्रा. संध्याकाळी सांगतात आणि सकाळी चौकात बोर्ड लागलेला हवा असतो. छापखान्यांत चालणारं कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नाहीत, चोरीचं वापरायचं नाही, मग इंकस्केप या फुकटच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर भागतं का? फ्लेक्सचं भागतं. ऑफसेटचं, म्हणजे प्लेटा करून कागदावर छापायच्या कामाचं, भागवून घ्यावं लागतं. प्रेसमध्ये नोकरी हवी असेल तर मात्र नाही.

फ्लेक्सपासून सुरुवात करू. १० बाय ४ फुटांच्या बोर्डासाठी पानाचं माप १२० बाय ४८ इंच टाका आणि ७२ डीपीआयवर (इंचाला ७२ ठिपके) एक्सपोर्ट करा. ८६४० बाय ३४५६ पिक्सेलची फाईल मिळते, लांबून बघायच्या बोर्डाला ती भरपूर झाली. 'क्वालिटी चांगली यावी' म्हणून ३०० डीपीआय टाकलात तर ५० कोटींहून जास्त पिक्सेल होतात आणि लॅपटॉप जागीच बसतो. चारही बाजूंनी तीन इंच मोकळे सोडा, नाहीतर आयलेट (दोरी ओवायचं भोक) बरोबर साहेबांच्या कपाळावर येतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि बोर्डावर चेहरा फुटतो. फोटो आत घेताना इंकस्केप 'एम्बेड' (फाईलमध्येच ठेवायचा) की 'लिंक' (नुसता जोडायचा) असं विचारतं. लिंक निवडलं आणि फक्त एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची फाईल, पेनड्राइव्हवर नेली, तर फ्लेक्सवाल्याकडे फोटोच्या जागी चौकट उघडते.

या सॉफ्टवेअरची खरी कमाई भाषेत आहे. युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप होते तशी, देवनागरी इथे नीट जुळते. तेलुगू, कन्नड आणि उर्दूही. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू लग्नपत्रिका किंवा दोन लिप्यांची दुकानाची पाटी करायची असेल तर हे फार मोलाचं आहे. एकच करा: फॉन्ट ठरवण्याआधी त्यात 'वऱ्हाडी', 'ल' आणि 'श' टाइप करून बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि पत्रिकेवर ते आजोबांच्या लगेच डोळ्यात येतं. 'ऱ्हा'साठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट+जे दाबून नुक्त्याचा 'ऱ' घ्यावा लागतो. साध्या 'र'ने त्याचा रफार होतो. मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्याच्या कामाला वापरता येतात.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. अनेक छापखान्यांतला जुना मजकूर श्रीलिपीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या, फॉन्टमध्ये असतो. तो कॉपी करून आणला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. उलट तुमचा युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या कोरलमध्ये गेला की पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या पलीकडे जाते. म्हणून फाईल देण्याआधी सगळा मजकूर निवडून कंट्रोल+शिफ्ट+सी, म्हणजे अक्षरांचे आकार करा. पण आकार केलेल्या मजकुरात नंतर चूक सुधारता येत नाही. ग्राहकाकडून मजकूर आधी तपासून घ्या आणि मूळ फाईल वेगळ्या नावाने ठेवा.

आता दुखरी जागा. रंगाच्या पॅनेलमध्ये सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, स्लायडर दिसतात, त्यामुळे नवखा निर्धास्त होतो. १.४ आवृत्तीपर्यंत तरी रंग साठवला जातो तो आरजीबीच, म्हणजे पडद्याचा लाल-हिरवा-निळा. परिणाम काळ्या अक्षरांवर. आरजीबी काळा छपाईला गेला की त्याचे चार रंग होतात. चार प्लेटांतली एक केसभर सरकली की आठ पॉइंटच्या पत्त्याला लाल-निळी झालर येते आणि हजार व्हिजिटिंग कार्डं रद्दीत. खापर फुटतं डिझायनरच्या डोक्यावर.

उपाय फुकटच आहे: स्क्रायबस, पानं मांडून छपाईची पीडीएफ काढायचं सॉफ्टवेअर. आकार केलेली एसव्हीजी 'इंपोर्ट' मेनूतल्या 'गेट वेक्टर फाईल'ने घ्या. रंगांच्या यादीत 'फ्रॉमएसव्हीजी' नावाने रंग येतात. त्यातला काळा उघडून सीएमवायके करा आणि ०, ०, ०, १०० भरा. ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, ठेवा. पीडीएफ काढताना रंगाच्या टॅबमध्ये 'प्रिंटर' निवडा, 'स्क्रीन' नको. ब्लर आणि सावल्या या प्रवासात टिकत नाहीत, म्हणून ऑफसेटच्या डिझाइनमध्ये त्या वापरूच नका. कोरलमध्ये दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे वीस लागतात, हे मान्य करून चला.

टॉवेल-चादरीचे टॅग, कापडी पिशवीची स्क्रीन प्रिंट यांना मात्र इंकस्केप छान जमतं. प्रत्येक रंग वेगळ्या लेयरवर ठेवा आणि एकेक लेयर काळा करून फिल्मसाठी द्या.

काम मागायला जाताना वाढदिवसाचे दहा फ्लेक्स दाखवू नका, ते सगळ्यांकडे असतात. शेंगाचटणीच्या पाकिटाचं एक लेबल नीट करून न्या. घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, शाकाहारी खूण, १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि 'शेंगदाणे आहेत' ही ॲलर्जीची सूचना. बॅच आणि तारखेसाठी पांढरा चौकोन कोरा सोडा. गडद लाल रंगावर तारखेचा शिक्का दिसतच नाही. छोट्या चटणीवाल्यांची लेबलं अडतात ती अशाच गोष्टींवर, त्यामुळे हा नमुना बघून काम मिळायची शक्यता जास्त.

छापखान्यात मात्र पहिला प्रश्न 'कोरल येतं का?' हाच असतो. इंकस्केपवर हात बसलेल्याला पेन टूल आणि नोड (रेषेवरचे बिंदू) नव्याने शिकावे लागत नाहीत, फक्त शॉर्टकट बदलतात. कोरलची १५ दिवसांची ट्रायल मिळते. मुलाखत ठरल्यावरच ती सुरू करा, आधी उडवू नका.